आमच्या इमारतीत मुलींचे छोटे बालगृह : सोसायटीने होकार द्यावा असे मला का वाटते

मूळ धागा : मुलुंडवासी

आमच्या मुलुंड पूर्वेकडील गृहनिर्माण संस्थेकडे सध्या एक अर्ज आला आहे. किशोरवयीन मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला पहिल्या मजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन सदनिका भाड्याने हव्या आहेत. चौदा ते अठरा वर्षे वयाच्या आठ मुली, त्यांच्यासोबत आळीपाळीने चोवीस तास राहणाऱ्या गृहमाता आणि दिवसा येणारी एक समाजकार्यकर्ती अशी व्यवस्था असेल. या मुली अनाथ नाहीत. बहुतेकींचे आईवडील हयात आहेत. परंतु कुणाला घरात बेदम मारहाण होत होती, कुणावर घरातल्याच माणसाने अत्याचार केला, कुणाला शाळा सोडवून दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवले होते, म्हणून बाल कल्याण समितीच्या (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीच्या) आदेशाने त्यांना घरापासून वेगळे ठेवावे लागले आहे. दोन्ही सदनिकांचे मालक राजी आहेत. विशेष सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे आणि त्याआधीच आमच्या व्हॉट्सॲप गटावर विरोधाचा सूर चढला आहे.

विरोधाची कारणे थोडक्यात सांगतो. या मुली कशा वळणाच्या असतील हे कोण सांगणार, पोलिसांची ये-जा सुरू होईल, आरोपीचे नातेवाईक येऊन तमाशा करतील, आपल्या वयात आलेल्या मुलामुलींवर काय परिणाम होईल, आणि सदनिकांचे भाव उतरतील. एका सभासदाने असेही लिहिले की अशा मुलींसाठी सरकारने मानखुर्दला मोठे आवार बांधून ठेवले आहे, मग त्यांना वस्तीत आणण्याचा अट्टाहास कशासाठी?

माझे मत स्पष्ट आहे. अत्याचार या मुलींवर झाला, तरीही घर, शाळा, मैत्रिणी आणि गल्ली सोडावी लागली ती त्यांनाच. त्यात भर म्हणून आपण त्यांना उंच भिंतीआड पाठवले, तर शिक्षा नेमकी कोणाला होते आहे असा प्रश्न पडतो. मात्र केवळ कळवळ्यावर सभा जिंकता येत नाही, हेही मी जाणतो. ज्यांनी अशा संस्थांत काम केले आहे, ज्यांना कायदा ठाऊक आहे, किंवा जे स्वतः अशा ठिकाणी राहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आमच्या संस्थेचे, अर्जदार संस्थेचे अथवा कोणत्याही मुलीचे नाव येथे येऊ नये, एवढी विनंती.

निवृत्त अधीक्षिका

मुलुंडवासी, धागा काढलात हे फार चांगले केलेत. मुंबई आणि ठाणे परिसरातील मुलींच्या बालगृहांत माझी उभी हयात गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वप्रथम, या मुली आमच्याकडे कशा पोहोचतात ते सभेला सांगा. लोकांना वाटते, मुलगी संस्थेत आहे म्हणजे तिने काहीतरी केले असणार. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये कायद्याशी संघर्ष झालेली मुले आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले यांच्यासाठी पूर्णपणे वेगळ्या यंत्रणा आहेत. पहिल्यांसाठी बाल न्याय मंडळ आणि निरीक्षणगृह, दुसऱ्यांसाठी बाल कल्याण समिती आणि बालगृह. तुमच्याकडे येऊ घातलेल्या मुली दुसऱ्या प्रकारातल्या आहेत. शाळेतल्या बाई, शेजारीण, रुग्णालयातील डॉक्टर, कधी खुद्द मुलगी १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करते. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली होती. फोननंतर मुलीला ताब्यात घेतले की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत तिला समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि त्यांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. घरची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी आणि चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश निघावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मुलीला शक्य तेव्हा सुरक्षितपणे घरी पोहोचवणे हेच बालगृहाचे मुख्य उद्दिष्ट मानलेले आहे. याचा अर्थ असा की जी मुलगी वर्षानुवर्षे संस्थेत राहते, तिच्या बाबतीत घरी पाठवण्याचा विचार होऊन, तपासणी होऊन, ते घर धोक्याचे आहे असा निष्कर्ष निघालेला असतो.

आता मोठ्या आवाराविषयी. मोठ्या संस्थांना नावे ठेवणे मला पटत नाही. १९२४ चा मुंबई बालक कायदा आणि १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी यांच्यामुळे या शहरात मुलांच्या संरक्षणाचा पाया घातला गेला. माटुंग्याचे श्रद्धानंद महिलाश्रमही त्याच वर्षीचे. ज्या काळी कोणी दार उघडत नव्हते, त्या काळी या संस्थांनी मुलींना आसरा दिला. आजही रात्री दोन वाजता पोलीस मुलीला घेऊन येतात तेव्हा मोठी संस्थाच तिला ठेवून घेते. परंतु आसरा देणे वेगळे आणि मुलीला वाढवणे वेगळे. शंभर मुलींच्या संस्थेत स्वयंपाक, आंघोळ, अभ्यास, झोप सगळे घंटेवर चालते, कारण त्याशिवाय चालूच शकत नाही. नियमांत सात मुलींमागे एक शौचालय आणि दहा मुलींमागे एक न्हाणीघर असे प्रमाण दिलेले आहे. सकाळी शाळेच्या वेळी त्याचा अर्थ काय होतो, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. काळजीवाहक बाई पाळीने काम करतात, पगार तुटपुंजा असतो आणि बाई वर्षभरात सोडून जातात. चौदा वर्षांची मुलगी मोठ्या प्रयत्नाने एखाद्या बाईला काही सांगू लागते, आणि पुढच्या महिन्यात त्या बाईंच्या जागी दुसऱ्याच येतात. असे दोनदा झाले की ती सांगणेच बंद करते.

छोट्या घराचा फायदा हाच की तिथे मोठी माणसे कमी बदलतात आणि मुलगी आजारी, गप्प किंवा घाबरलेली असल्याचे चटकन लक्षात येते. तो फायदा आपोआप मिळत नाही, हेही सांगायला हवे. गृहमातेला नीट पगार, आठवड्याची सुट्टी आणि तिचेही ऐकून घेणारे कोणीतरी लागते. अर्जदार संस्थेला हा प्रश्न अवश्य विचारा : तुमच्या गृहमाता सरासरी किती काळ टिकतात? सभेत विचारण्याजोगा याहून उपयुक्त प्रश्न मला सुचत नाही.

तिसरा मजला

मी विरोध करणाऱ्यांपैकी आहे. हा धागा माझ्याच इमारतीविषयी असावा अशी शंका आहे, म्हणून नाव न देता लिहितो. मला या मुलींविषयी तिरस्कार नाही. मला स्वतःला पंधरा वर्षांची मुलगी आहे. परंतु आमच्या इमारतीला रात्री एकच सुरक्षारक्षक असतो, मागचे फाटक मोडकळीस आलेले आहे आणि आवारातून पलीकडच्या रस्त्याला जाणारी वाट उघडीच असते. एखाद्या मुलीचा बाप किंवा भाऊ जामिनावर सुटला आणि पत्ता काढत आला, तर त्याला कोण अडवणार? ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे अशा मुलींना आम्ही सुरक्षित ठेवू शकणार नसू, तर होकार देणे हाच बेजबाबदारपणा ठरेल. दुसरे असे की मुलींना झोपेत ओरडण्याचे, स्वतःला इजा करून घेण्याचे त्रास असतात असे ऐकले आहे. अशा वेळी शेजाऱ्यांनी काय करायचे? यावर कोणी नीट उत्तर दिले, तर माझे मत बदलण्याची माझी तयारी आहे.

वकील, दादर

तिसरा मजला यांचे प्रश्न रास्त आहेत. आधी कायद्याच्या बाजूने लिहिते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपली सदनिका अनुज्ञप्ती करारावर (लीव्ह अँड लायसन्सवर) देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आगाऊ सूचना आणि कराराची प्रत द्यावी लागते, पोलीस ठाण्याला भाडेकरूंची माहिती कळवावी लागते. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी आकारते ती रक्कम, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. असे असूनही अर्जदार संस्था सभेपुढे येते आहे, कारण शेजाऱ्यांच्या मनाविरुद्ध तिथे मुली ठेवून काही साधणार नाही हे तिला ठाऊक असणार. सोसायटीने तिच्याकडे काय मागावे? बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालील नोंदणी प्रमाणपत्र, किंवा गट प्रतिपालकत्वाची, म्हणजे काही मुलांना एकत्र घरासारखे सांभाळण्याची, व्यवस्था असेल तर तसा सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश. अशा गटात एका ठिकाणी आठपेक्षा अधिक मुले ठेवायची नसतात, आणि तुमच्याकडील संख्या त्यात बसते. नोंदणीविना मुले ठेवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे हा कागद पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नका.

काय मागू नये, ते अधिक महत्त्वाचे. मुलींची नावे, त्यांच्या प्रकरणांची माहिती, वैद्यकीय अहवाल, पूर्वीचा पत्ता यांपैकी काहीही मागण्याचा सोसायटीला अधिकार नाही. कलम ७४ नुसार मुलीची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही तरतूद मुख्यत्वे प्रसारमाध्यमांसाठी आहे असा लोकांचा समज असतो. परंतु सोसायटीच्या गटावर मुलीचे छायाचित्र टाकून 'हीच ती' असे लिहिणाऱ्यानेही त्यातून सुटण्याची आशा धरू नये. पाहुण्यांच्या नोंदवहीत इतरांनी पाहावे अशा रीतीने मुलींची नावे लिहू नयेत, हे सुरक्षारक्षकालाही सांगावे लागेल.

पोलिसांच्या येण्याजाण्याविषयी : बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम २४ नुसार मुलीचा जबाब तिच्या राहत्या ठिकाणी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि त्या वेळी गणवेश घालायचा नसतो. म्हणजे साध्या साडीतली एक बाई जिना चढून वर गेली, एवढेच तुम्हाला दिसेल. शिवाय या मुलींपैकी बहुतेकींचे जबाब इथे येण्यापूर्वीच झालेले असतील. तपासणीला येणारी मंडळी मात्र येतील आणि यायलाच हवीत. जिल्हा निरीक्षण समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते, तीत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये मुलावर क्रूरता करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तीच क्रूरता संस्थेच्या कर्मचाऱ्याने केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

निवृत्त अधीक्षिका

तिसरा मजला, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. होय, काही मुली रात्री दचकून उठतात. काही जणी दिवा मालवू देत नाहीत, काहींना दाराशी अंथरूण नको असते. हे गृहमातेने सांभाळायचे काम आहे, शेजाऱ्यांचे नाही. स्वतःला इजा करणाऱ्या मुलीसाठी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ ठरलेले असावे लागतात, आणि ज्या मुलीला त्याहून अधिक उपचारांची गरज असेल तिला समिती अशा घरात पाठवणार नाही. शेजाऱ्यांनी करायचे एवढेच की आवाज ऐकू आला तर दारात गर्दी करू नये. गृहमातेला एक फोन करावा.

पहिल्या प्रश्नाबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. मागचे फाटक दुरुस्त करा. ते आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठीही दुरुस्त व्हायलाच हवे. माझा अनुभव असा की पत्ता फुटतो तो बहुधा बाहेरच्यांकडून नव्हे. न्यायालयाच्या आवारात, भेटीच्या दिवशी, किंवा मुलगी स्वतः आईला फोनवर सांगते तेव्हा फुटतो. त्यासाठी चांगल्या संस्था भेटी घरात घडवत नाहीत, कार्यालयात किंवा समितीपुढे घडवतात. आईच्या भेटीविषयी दोन शब्द लिहायचे आहेत, कारण याची कल्पना बाहेरच्यांना नसते. आरोपी हा बाप किंवा सावत्र बाप असतो आणि घर त्याच्या कमाईवर चाललेले असते. तो तुरुंगात गेला की आई भाडे भरू शकत नाही, धाकटी भावंडे उपाशी राहतात. मग आई भेटीला येते, मुलीच्या आवडीचे काही करून आणते, आणि जाताना म्हणते, "साहेबासमोर सांग की रागात बोलले, म्हणजे पप्पा सुटतील." मुलीच्या पायाखालची जमीन सरकते. पोक्सोचा खटला आपसांत मिटवता येत नाही, पण साक्षीदार मुलगी फितूर झाली की खटला उभा राहत नाही. अशा मुलीच्या मागे भावनेने नव्हे तर व्यवस्थेने उभे राहावे लागते. समितीने नेमलेली सहायक व्यक्ती तिच्याबरोबर न्यायालयात जाते. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतून साहाय्य मिळण्याची सोय आहे. आईला रेशन, भाडे, काम मिळवून देणे हाही मुलीच्या संरक्षणाचाच भाग आहे, आणि आमच्या यंत्रणेत नेमका तोच सर्वांत लंगडा आहे.

निनावी

मी तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मुंबईतल्या दोन संस्थांत राहिले. आता मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. मुलुंडवासी यांनी राहिलेल्यांनी लिहावे असे म्हटले आहे, म्हणून लिहिते.

पहिली संस्था मोठी होती. तिथे मला कोणी मारले नाही, जेवण वेळेवर मिळत असे. पण पाळी आली की कार्यालयात जाऊन वहीत सही करून दोन पॅड घ्यावे लागत. कार्यालयात कारकून, देणगीदार, कुणाचे तरी नातेवाईक बसलेले असत. मी दाराबाहेर ते जाईपर्यंत उभी राहत असे. दुसऱ्या घरात आम्ही नऊ जणी होतो. तिथे न्हाणीघरातल्या फळीवर पुडा ठेवलेला असे आणि संपत आला की भिंतीवरच्या वाणसामानाच्या यादीत मीठ, साबण यांच्याखाली आमच्यापैकी कोणीही 'पॅड' असे लिहीत असे. मावशी बाजारातून आणत असत. मला त्या घरात आल्यावर पहिल्यांदा रडू आले ते ही यादी वाचून, आणि मावशींनी का रडतेस म्हणून विचारले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. बारावीनंतर मला परिचर्येचा अभ्यासक्रम करायचा होता. राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा होता, आणि तो वडिलांच्या बाजूच्या कागदांवरून निघतो. माझे वडील माझ्याच प्रकरणात तुरुंगात होते. संस्थेच्या ताई कोकणात आमच्या गावी जाऊन चुलत्यांना भेटल्या. चुलते म्हणाले, पोरीने साक्ष फिरवली तर लगेच कागद देतो. ताई रिकाम्या हाताने परतल्या. अनाथ मुलांसाठी राज्याने २०१८ साली एक टक्का आरक्षण दिले, परंतु मी अनाथ नव्हते. बाप जिवंत होता, आईही होती. मी खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेतला आणि शुल्क एका देणगीदार बाईंनी भरले, त्यामुळे माझे निभावले. माझ्या दोन मैत्रिणींचे निभावले नाही. ज्या मुलीने वडिलांविरुद्ध साक्ष दिली आहे, तिला वडिलांच्या कागदांवर अवलंबून ठेवणे हा अन्याय आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

तुमच्या इमारतीत येणाऱ्या मुलींना सहानुभूती दाखवू नका असे मी म्हणत नाही. पण जिन्यात भेटल्यावर "तुझं काय झालं होतं गं?" असे विचारू नका. कितवीत आहेस, एवढे विचारा.

गणिताच्या बाई, भांडुप

निनावीताई, आपण लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. मी महापालिकेच्या आणि नंतर अनुदानित शाळेत शिकवले. शाळेच्या बाजूने थोडी भर घालते. संस्थेतून येणाऱ्या मुली वर्गात ओळखू येतात, कारण त्या एकाच गाडीतून उतरतात, सगळ्यांच्या पायात एकाच देणगीतले बूट असतात, आणि पालकसभेला एकच बाई सगळ्यांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या करतात. छोट्या घरातल्या मुली दोन-तीन शाळांत विभागता येतात आणि इतर मुलींसारख्या बसने किंवा पायी येतात. मुलुंडला हे सहज जमेल.

अभ्यासाचे म्हणाल तर या मुली बुद्धीने मागे नसतात. त्यांची वर्षे वाया गेलेली असतात. सातवीपर्यंत गावात, मध्ये दीड वर्ष शाळाच नाही, मग एकदम नववी, असा प्रवास असतो. वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, पण अपूर्णांक कच्चे असतात आणि ते शिकवायला वर्गात वेळ नसतो. न्यायालयाच्या तारखा परीक्षेच्या तोंडावर येतात. साक्षीनंतर आठवडाभर मुलगी वहीकडे पाहू शकत नाही. अशा वेळी मुख्याध्यापकांना कारण न सांगता सवलत मिळावी अशी काही सोय हवी. सध्या प्रत्येक वेळी कोणाला तरी सगळी कथा सांगावी लागते.

वकील, दादर

निनावी यांनी मांडलेला दाखल्याचा मुद्दा फार गंभीर आहे. या मुली ना पुरत्या घरच्या, ना कागदावर अनाथ, अशा अधांतरी राहतात. बाल कल्याण समितीच्या आदेशाच्या आधारे महसूल अधिकाऱ्यांनी स्वतः मूळ गावचे शाळेचे व जन्ममृत्यूचे अभिलेख मागवावेत, मुलीने किंवा संस्थेने नातेवाइकांच्या दारी जाऊ नये, एवढी व्यवस्था झाली तरी बराच फरक पडेल. ही मागणी घेऊन एकत्रितपणे महिला व बाल विकास विभागाकडे जावे, असे मला वाटते. मसुदा करून देण्याची माझी तयारी आहे.

मुलुंडवासी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. सभेत एक प्रश्न हमखास येणार आहे, तो येथेच विचारून ठेवतो. छोट्या संस्थेत बंद दाराआड गैरप्रकार होत असतील तर ते कळणार कसे? कळंबोलीचे प्रकरण लोकांच्या स्मरणात आहे.

निवृत्त अधीक्षिका

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पनवेलजवळच्या कळंबोलीतील संस्थेत मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार २०११ साली उघडकीस आले, आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवले. बिहारमधील मुझफ्फरपूरचे प्रकरण त्यानंतरचे. तिथे मुलींचे हाल बाहेर आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. मुझफ्फरपूरची संस्था तर सरकारी अनुदानावर चालत होती. म्हणजे केवळ नोंदवह्या तपासून अत्याचार सापडत नाहीत. कोणीतरी मुलींशी, कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत, घाई न करता बोलावे लागते.

यासाठी नियमांत काही चांगल्या गोष्टी आहेत. मुलींची स्वतःची बाल समिती असावी. सूचनापेटी कार्यालयापासून दूर, मुलींच्या खोल्यांजवळ लावावी, तिची किल्ली संस्थेबाहेरच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे राहावी आणि ती दर आठवड्याला बाल समितीच्या सदस्यांसमोर उघडावी. अनेक ठिकाणी मी पेटीवर धूळ पाहिली आहे. आपण अर्जदार संस्थेला विचारा की मागच्या वेळी पेटीत काय निघाले आणि त्यावर काय केले. "काहीच निघत नाही" असे उत्तर आले, तर समाधान मानू नका. ज्या घरात मुली भाजीबद्दल, टीव्हीबद्दल, मावशींच्या ओरडण्याबद्दल तक्रार करतात, त्या घरात मोठी गोष्ट घडली तर ती सांगितली जाण्याची शक्यता असते.

आणि वस्तीतले घर मला अधिक सुरक्षित वाटते ते याच कारणाने. शाळा, शिकवणीच्या बाई, वाणी, खालच्या मजल्यावरच्या आजी, अशा दहा ठिकाणी मुलीचा चेहरा रोज दिसतो. ओसाड माळावरच्या संस्थेत तो कोणालाच दिसत नाही.

तिसरा मजला

दोन दिवस विचार केला आणि घरात बोललो. फाटकाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मीच मांडणार आहे. रात्रीच्या दुसऱ्या रक्षकाच्या खर्चाचा प्रश्न उरतो, परंतु तो सोसायटीचा प्रश्न आहे, मुलींच्या माथी मारण्याचा नाही, हे मान्य करतो. भाव उतरण्याच्या भीतीबद्दल मी काही बोलणार नाही. ज्यांना ती वाटते त्यांनी ती सभेत उभे राहून मांडावी. माझी मुलगी विचारते आहे की त्या मुलींसाठी काय करता येईल. वाढदिवसाला केक आणि कपडे द्यावेत का?

निवृत्त अधीक्षिका

आपल्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. केक नको. ओळख नसलेली माणसे केक घेऊन येतात, छायाचित्र काढतात आणि निघून जातात, याचा या मुलींना वीट आलेला असतो. तिने खाली खेळायला गेल्यावर त्यांना खेळात घ्यावे, बस्स. मोठ्यांसाठी कामे आहेत. गणिताच्या बाईंसारखे कोणी आठवड्यातून दोन संध्याकाळी, वर्षभर न चुकता, दहावीच्या मुलींना शिकवेल का? ओळखीचे दंतवैद्य आहेत का? बँकेत खाते उघडणे, आधारमधील पत्ता बदलणे, अर्ज भरणे या गोष्टी मुलीला बरोबर घेऊन जाऊन कोणी शिकवेल का? मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेतून संस्थेला दर मुलामागे महिना तीन हजार रुपयांच्या आसपास निर्वाह अनुदान धरलेले असते. मुंबईच्या भाड्यात ते कुठे पुरणार? म्हणून अशा वेळेचे मोल पैशांहून कमी नाही.

आणि अठरा पूर्ण झालेल्यांकडे लक्ष असू द्या. वाढदिवस झाला की बालगृहातून बाहेर पडावे लागते. अनुरक्षण सेवा, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरचा आधार, एकविसाव्या वर्षापर्यंत आणि विशेष परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत देता येते, सहा ते आठ जणींनी मिळून राहण्याची सोयही नियमांत आहे, पण मुलींसाठी अशा जागा फार थोड्या आहेत. नाइलाजाने कितीतरी मुली ज्या घरातून सुटल्या त्याच घरी परततात, किंवा घाईघाईने लग्न करतात. तुमच्या इमारतीत हा प्रयोग नीट चालला, तर दोन वर्षांनी आणखी एक सदनिका मोठ्या मुलींसाठी मिळावी, अशी माझी इच्छा आहे.

वकील, दादर

करारासंबंधी एक सूचना राहिली होती. अकरा महिन्यांचा करार करू नका. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी कोणीतरी विरोध करेल आणि दहावीच्या वर्षात मुलींना पुन्हा गाठोडे बांधावे लागेल. निदान तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करावा आणि तो कोणत्याही कारणाने आधी संपवायचा झाल्यास शैक्षणिक वर्ष पुरे होईपर्यंत मुलींना हलवता येणार नाही, असे कलम घालावे.

मुलुंडवासी

सूचना मालकांना कळवली. दोघेही तीन वर्षांच्या कराराला तयार आहेत. सोसायटीच्या व्यवस्थापक समितीतील काही सदस्यांनी आज नवी अट पुढे केली आहे : मुलींना येऊ द्यावे, परंतु त्यांनी गच्ची आणि मागचे आवार वापरू नये. इतर सर्व भाडेकरू ते वापरतात. ही अट मी ठरावात येऊ देणार नाही, त्यासाठी मतदान घ्यावे लागले तरी चालेल. तिसरा मजला यांनी फाटकाच्या प्रस्तावासोबत या अटीविरुद्धही बोलण्याचे मान्य केले आहे. सभा रविवारी सकाळी दहा वाजता आहे. वकीलताई, ठरावाचा मसुदा शुक्रवारपर्यंत पाहून द्याल का?